पहिली स्पोर्ट्स बाईक: आर१५ घेऊ की जिक्सर एसएफ २५०?

गिअरवाली_पुणे
नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात एकदाचं विथ गिअरचं पक्कं लायसन हातात आलं! आतापर्यंत माझ्याकडे फक्त विदाउट गिअर होतं, पाच वर्षं ॲक्टिव्हाच चालवली, मग परत लर्निंग काढलं, बाबांच्या स्प्लेंडरवर महिनाभर शिकले आणि टेस्ट दिली. आता स्वतःच्या पगारातून स्पोर्ट्स बाईक घ्यायचीये, कॉलेजपासूनचं स्वप्न आहे. राहायला सिंहगड रोड आणि ऑफिस हिंजवडीला, म्हणजे रोजचे जाऊन येऊन ४० एक किमी आणि तेही ट्रॅफिकमधून. रविवारी ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर. उंची ५ फूट ३, बजेट सगळं धरून अडीच लाख. यामाहाची आर१५ व्ही४ दिसली की नजर हटत नाही, पण सुझुकीची जिक्सर एसएफ २५० पण मनात भरलीये, आणि एक मित्र म्हणतो सेकंडहँड केटीएम आरसी ३९० घे म्हणजे नंतर बदलायला नको. काय करू?

जुना_करिझ्मावाला
ताई, आधी अभिनंदन. ३९० चा विषय पहिला संपवतो. तू शिकलीस त्या स्प्लेंडरला ८ पीएस (म्हणजे इंजिनची ताकद), आरसी ३९० ला ४३ च्या आसपास. आपल्याकडे कायदा अडवत नाही, पक्कं लायसन मिळालं की दुसऱ्या दिवशी हजार सीसी पण चालवता येते, पण हाताला ते कळायला वेळ लागतो. मी सीडी १०० वरून थेट करिझ्मावर आलो होतो, वरंधा घाटात पावसात वळणाच्या मध्ये घाबरून पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी खालून निघून गेली, कॉलर बोन मोडलं. गाडीचा काही दोष नव्हता, वळायच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडलेला हवा हे मला हातानं येत नव्हतं. आता एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असतं, पण तिरक्या गाडीला ते सुद्धा दरवेळी वाचवेल असं नाही. हे सगळं हलक्या गाडीवर शिक, तिथे चूक सावरायला वाव मिळतो.

दोघींमधलं म्हणशील तर आर१५ ला १८.४ पीएस आहेत पण मजा वर आहे, ७००० च्या पुढे आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) गेला, व्हीव्हीए म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी सिस्टीम लागली की खरी पळते, खाली सारखे गिअर पाडावे लागतात. जिक्सरला २२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ट्रॅफिकमध्ये तिसऱ्यावर पडून राहते. तुझ्या हिंजवडीच्या रस्त्याला मी जिक्सर म्हणेन.

निळी_आर१५
मी ५ फूट २, तीन वर्षं आर१५ चालवतेय, रोज. सीट ८१५ मिमी आहे, जिक्सरची ८००, पण आर१५ १४२ किलो आणि जिक्सर १६१. हा १९ किलोचा फरक चालवताना नाही कळत, सोसायटीच्या पार्किंगमधून उतारावर मागे ढकलताना कळतो. दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोड, सिग्नलला डावा पाय पूर्ण टेकव आणि उजवा ब्रेकवर ठेव. मनगटं पहिला महिना दुखतात कारण आपण सगळं वजन हातावर टाकतो, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली की हात मोकळे होतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि गल्लीत यू टर्न एका दमात बसत नाही, हँडल फार वळत नाही.

एक विचारते, आईला मागे बसवणार का? आर१५ ची मागची सीट उंच आणि चिंचोळी आहे, माझी आई साडीवर एकदाच बसली, परत नाही.

गिअरवाली_पुणे
अगं हो, गुरुवारी आईला स्वामींच्या मठात मीच नेते! हे डोक्यातच नव्हतं. मग जिक्सर जास्त बरी का? आणि इन्शुरन्सचं काय घेऊ, शोरूमवाला नुसता आकडा सांगतो.

घाट_आणि_चहा
जिक्सरची मागची सीट पण काही सोफा नाही, पण त्यातल्या त्यात बरी. आईंना शोरूममध्ये सोबत ने आणि बसवून बघ.

इन्शुरन्समध्ये झिरो डेप (पार्टची घसारा कपात न करणारं कव्हर) घेच. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टचे ५० टक्के कापून देतात आणि या गाड्यांचं अंगच प्लास्टिकचं, स्टँडवरून आडवी पडली तरी फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिक कव्हर) जातं. थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणारा इन्शुरन्स) नव्या टू व्हीलरला ५ वर्षांची एकदम भरावी लागते, म्हणून तो आकडा मोठा दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ झालाय, तेव्हा कोणी जुनी प्राइस लिस्ट दाखवली तर नवीन माग. अडीच लाखातले वीस हजार आधीच बाजूला काढ: चांगलं फुल फेस हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, घोटा झाकणारे बूट. नवीन टायर पहिले शंभर दीडशे किमी गुळगुळीत असतात, ताम्हिणीची घाई नको.

गिअरवाली_पुणे
शनिवारी दोन्हीची टेस्ट राइड बुक केली, आई पण येतेय.

निळी_आर१५
ऑफिसला जे शूज घालतेस तेच घालून जा, जाड सोलचे नको, नाहीतर उंचीचा अंदाज चुकेल. आणि शोरूमसमोरच्या रिकाम्या रस्त्यावर नको, संध्याकाळी सहानंतर ट्रॅफिकमध्ये चालवायला माग.