अनुभव धागा : 'पोचलीस का?' – मुंबई, मोबाइल आणि आपली माणसं

मंडळी, मोबाइलने माणसं जवळ आली की लांब गेली या वादात मला आज पडायचं नाहीये, त्यावर बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसलेत. मला वेगळंच ऐकायचंय. आपण मुंबईकर एकमेकांना दिवसभर जे मेसेज टाकतो ते नुसते वाचून बघा, त्यात प्रेमबिम काही दिसत नाही. 'पोचलीस का', 'कितीची पकडली', 'येताना दूध', 'पुढच्या डब्यात ये', 'छत्री घेतलीस ना'. पण माझं म्हणणं असं की या शहरात माया ती हीच, वेगळी बसून बोलायला वेळ आहे कुणाला. पटत नसेल तर तसंही लिहा. सल्ले नकोत, 'आमच्या वेळी' चालेल पण थोडक्यात :)

माझं सांगते. माझी आई डोंबिवलीला, वय पंचाहत्तरीच्या पुढे, लोकलने प्रवास करून तिला जमाना झाला, पण फोनमध्ये एम-इंडिकेटर हे लोकलचं ॲप आहे आणि त्यातलं ट्रेन चॅट ती मालिका बघावी तसं बघते. कुणीतरी अनोळखी माणूस कल्याणच्या फलाटावरनं लिहितो 'अजून आली नाही', कुणी लिहितो 'आत्ता ठाकुर्ली सोडली', आणि आई मला घाटकोपरला मेसेज करते की तुमच्या बाजूला काहीतरी झालंय, चहा घेऊन आरामात निघ. तिचा अंदाज इंडिकेटरपेक्षा खरा निघतो. मी कशी आहेस विचारलं तर मात्र 'बरी आहे' एवढंच, पुढे लगेच 'विठ्ठलवाडीला सिग्नल गेलाय म्हणतात'.

*

विरारवाली

धागा मस्त. आमचा ग्रुप विरार फास्टच्या लेडीज डब्यातला (वेळ सांगत नाही, आधीच गर्दी आहे हाहा). गाडीतच ओळखी झाल्या, एकमेकींची पूर्ण नावं बऱ्याच वर्षांनी कळली, त्याआधी 'बँकवाली', 'मंत्रालय', 'वसईची उंच' अशीच सेव्ह होती. ग्रुपवर रोजचं काम एकच, कोण येतंय कोण नाही, म्हंजे सीट कुणासाठी धरायची ते ठरतं. मग मार्च २०२० ला लोकल बंद झाल्या. पहिले काही दिवस ग्रुप एकदम गप्प, बोलणार काय, गाडीच नाही. मग एके सकाळी बँकवालीने गाडीच्या वेळेला टाकलं 'विरार सोडली' आणि लगेच दुसरीने 'नालासोपारा, आत सरका गं', तिसरीने 'वसई, बॅग मांडीवर घ्या', असं करत करत अंधेरीपर्यंत आलो आणि काय सांगू, सगळ्या आपापल्या ओट्यापाशी उभ्या राहून हसतोय. मग ते रोजचंच झालं. नायगाववाली तर खरंच उशिरा यायची आणि आम्ही तिला 'गाडी गेली' म्हणून चिडवायचो.

आता खरी गोष्ट. आमच्या डब्यात एक क्लिपा, रबरबँड, खोट्या मोत्यांचे डूल विकणारी ताई यायची. गाडीच बंद म्हणजे तिचा धंदाच बंद. नंबर फक्त मंत्रालयवालीकडे होता, कधीतरी मुलीच्या लग्नासाठी कानातले सांगितले होते तेव्हाचा. तिने फोन करून विचारलं, ताई आधी काही नाही नाही म्हणाली, मग म्हणाली माल घरात पडून आहे. फुकट पैसे ती घेणारी नव्हती म्हणून आम्ही मालच मागवला. तिने चाळीतल्या एका पोराच्या फोनवरनं फोटो पाठवले, जमिनीवर पेपर अंथरून त्यावर क्लिपा ओळीने मांडलेल्या, आणि आम्ही नंबर घालून निवडल्या, पैसे त्या पोराच्या खात्यावर, माल 'गाडी सुरू झाली की देईन'. ऑक्टोबरमध्ये बायकांना लोकलची परवानगी मिळाली, पण तीही गर्दीच्या वेळा सोडून, त्यामुळे आमची गाडी काही मिळेना. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांना सोडायला लागले आणि मग कधीतरी ताई परत डब्यात दिसली. प्रत्येकीची पिशवी वेगळी बांधलेली, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर 'वसई उंच', 'बँक'. मुलगी शाळेतली, तिच्याकडनं लिहून घेतलेलं.

*

कल्याणपलीकडचा

थोडक्यात 'आमच्या वेळी'. २००३ पर्यंत इनकमिंगलाही पैसे पडायचे हे आताच्या पोरांना खोटं वाटतं. त्यामुळे फोन उचलायचाच नाही, मिसकॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे कल्याण आलं, दोन म्हणजे स्कूटर घेऊन स्टेशनला ये. तीन कशासाठी ते सांगत नाही. आणि त्या काळी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, त्यामुळे बायकोला 'बोगदा आला, ठेवतो' ही सबब बारा महिने चालायची. पुढे नवीन मार्गिका झाल्या, लोकल मुंब्र्याकडनं फिरवल्या, सबब गेली.

*

बीडीडीतला एक

तुमचं 'कामाचा निरोप म्हणजेच माया' हे मला अर्धंच पटतं, बाकीचं अर्धं कसं ते लिहितो.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० फुटाची खोली, मधे लांब पॅसेज, दारं दिवसभर उघडी. पाणी आलं हे एकाने ओरडून सांगितलं की मजल्याला कळायचं. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा कुणी भाडं घेऊन विरारला गेलं, कुणी बदलापूर, कुणी संक्रमण शिबिरात, आणि जायच्या आदल्या रात्री पॅसेजमध्ये बसून एका पोराने मजल्याचा ग्रुप केला. म्हाताऱ्यांचे फोन घेऊन घेऊन त्यानेच सगळ्यांना घातलं. आमच्या आजीला नावं वाचता येत नाहीत, ती माणसं फोटोवरनं ओळखते, 'तो मोठा गणपतीवाला काय म्हणतोय बघ', 'ती गुलाबाची हल्ली गप्प का'. कुणी फोटो बदलला की आजीसाठी तो माणूस हरवला.

पहिलं वर्षभर ग्रुपवर नुसती कामं. भाडं जमा झालं का, मीटिंग कधी, कागद कुठले लागतात. मी म्हणायचो हे काही खरं नाही, चाळ गेली ती गेलीच. मग एकदा मध्यरात्री मेसेज आला, बदलापूरला आमच्या मजल्यावरचे काका गेले. त्यांच्या नव्या बिल्डिंगमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं, मुलगा एकटा, सोसायटीचा वॉचमन विचारतोय ॲम्ब्युलन्स आत कशी घ्यायची. त्या रात्री ग्रुपवर एकानेही हात जोडलेले टाकले नाहीत हे माझ्या पक्कं लक्षात आहे. आले ते मेसेज असे : 'मी बाइक काढतोय', 'पहिल्या कर्जतने येतो', 'दाखल्याचं मी बघतो, डॉक्टर ओळखीचा आहे', 'बांबू तिथे मिळतील का, नायतर इथनं घेतो'. सकाळी सातपर्यंत त्या पार्किंगमध्ये अख्खा मजला उभा. मुलाला कशालाच हात लावू दिला नाही.

ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात आम्ही पण. चाळीस मजली टॉवर, ५०० फूट, लिफ्ट, सगळं झकास, तक्रार नाही. पण दारं बंद असतात आता. परवा शेजारच्या वहिनींनी समोरच्याच दाराआड बसून ग्रुपवर टाकलं, 'कुणाचं दूध लागलंय, वास येतोय'. तीन पावलांवर बेल होती. म्हणून म्हटलं अर्धंच पटतं.

*

तळ्यात

आमच्या सोसायटीचा ग्रुप म्हणजे 'एमएच ०२ वाली पांढरी गाडी काढा' आणि जुलैमध्ये तलावांचा तक्ता. सकाळी महापालिकेचे आकडे आले की चढाओढ, भातसा किती, तानसा किती, मोडकसागर भरला का. खरं तर सात तलावांत निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं, पण लोकांना आनंद होतो तुळशी भरल्याचा, जो सगळ्यात लहान आहे. आणि दरवर्षी तोच जुना ओव्हरफ्लोचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून येतो. २०१८ पासून एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येतं, आमचे सेक्रेटरी पाच पाच करून सगळी बिल्डिंग पूर्ण करतात.

*

पोलीस लाइन

माझे मिस्टर पोलिसात. अनंत चतुर्दशीला चौपाटीवर ड्युटी लागली की दुपारपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंड दिसत नाही, एवढी माणसं एका जागी आली की नेटवर्क पण बसतं. फोन लागत नाही आणि लागला तरी ढोल. आमचं ठरलंय, जमेल तेव्हा नुसता अंगठा टाकायचा. मी झोपत नाही, दोन दोन तास एकच टिक बघत बसते. पहाटे अंगठा आला की मी पण अंगठा टाकते आणि पोहे भिजवायला घेते. बाकीच्या वर्षभरात मात्र त्यांनी अंगठा टाकला की माझं डोकं सणकतं, सरळ उत्तर द्या म्हणावं.

*

अंधेरी पूर्व

२६ जुलै २००५ कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, हे सगळ्यांना पाठ आहे. मला लक्षात राहिलंय ते फोनचं. कांड्या दिसायच्या पण लागायचा नाही, मग तेही गेलं. चकाल्याला एका वाण्याच्या दुकानात लँडलाइन चालू होती, त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला एक मिनिट आणि एकच वाक्य. रांगेतले सगळे तेच बोलत होते, 'मी आहे, काळजी नको, इथेच थांबतोय', माझ्या पुढच्या माणसाने तर घाईत स्वतःचं नावच सांगितलं नाही, तिकडनं कोण कोण करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर बायकोचे सगळे एसएमएस एकदम धडाधड आले, पहिल्यांदा 'कुठे आहेस', मग 'फोन का उचलत नाहीस', मग शिव्या, मग नुसतंच नाव. ते वाचताना मी घरी तिच्या समोरच बसलो होतो.

२०१७ ला २९ ऑगस्टला पुन्हा तसाच अडकलो पण तेव्हा नेट चालू होतं. लोक पत्ते टाकत होते, आमच्याकडे दोघं झोपू शकतात, आमच्याकडे फक्त बायका, गरम खिचडी आहे. गणपतीचेच दिवस होते त्यामुळे मांडवांत खाण्यापिण्याची सोय होतीच. सायनला एका अनोळखी घरात राहिलो. घरच्या आजींनी पहिला प्रश्न विचारला, घरी कळवलंस का.

*

चाकरमानी

आमच्या गावकीचा ग्रुप आहे, मुंबईची माणसं आणि गावची माणसं एकत्र, म्हणजे भांडण कायमचंच. पण गणपतीच्या तिकिटांचं बुकिंग उघडतं त्या दिवशी सगळे एक. आधी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं, त्यामुळे आता हिशोब नव्याने करावा लागतो आणि तो एक निवृत्त मास्तर करून टाकतात. सकाळी आठला दादर, भांडुप, नालासोपारा, दिवा सगळीकडे माणसं फोन घेऊन तयार, ज्याचं लागलं त्याने कळवायचं, ज्याचं वेटिंगला गेलं त्याची म्हातारी माणसं दुसऱ्याच्या तिकिटात. गावी आमच्या वाडीत रेंज फक्त वरच्या आंब्याखाली, तिथे दगड ठेवलाय बसायला. काकी संध्याकाळी तिथे जाऊन फोन लावते आणि पहिलं वाक्य ठरलेलं, 'रे मेल्या, खंय आसस?' गाडीत असलो की तिला कोपरखैरणे कुठे आणि घणसोली कुठे याच्याशी देणंघेणं नाही, पण विचारते. मी पण सगळी स्टेशनं सांगतो.

*

थर्ड इयर

वाचतेय सगळं, भारी आहे. आमच्यात कुणाला थेट फोन केला तर समोरचा घाबरतो, कोण गेलं की काय. आधी 'कॉल करू?' टाकायचं मग करायचा. आई म्हणते मी तुला जन्म देताना विचारलं होतं का.

*

माहीमवरून

कोळीणमावशींबद्दल लिहायचंच आहे. आमच्या मावशी पहाटे ससून डॉकवरनं स्टेटस ठेवतात, टोपलीतल्या मासळीचे फोटो, मागे कुणाचे तरी गमबूट. टाइप करत नाहीत, सगळं व्हॉइस मेसेजवर, त्यात लिलावाचा आरडाओरडा एवढा की कान लावून ऐकावं लागतं. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात तेव्हा स्टेटसला सोडे, सुकट, बोंबील. भाव कुणी स्टेटसखाली विचारला तर उत्तर नाही, भाव म्हणे तोंडावर.

माझी मुलगी बाळंतपणाला आली होती, मी कामात, आठवडाभर मावशींचं स्टेटससुद्धा बघितलं नव्हतं. मावशींनीच मेसेज पाठवला, 'अगं आई, झालीस ना तू आजी, बिल्डिंगमधली सांगत होती, मुशी काढून ठेवलीय पोरीसाठी, दूध येतं, पैशाचं मग बघू, भांडं घेऊन कुणाला तरी खाली पाठव, माझे पाय दुखतात'. बाळंतिणीला मुशी देतात हे मला माहीत होतं, आठवलं मात्र मावशींना. महिनाभर काही ना काही येत राहिलं, पैसे विचारले की म्हणायच्या बारशाला बघू. बारशाला आल्या आणि पाळण्यापाशी बसून पै पै हिशोब लावून घेतला, एक रुपया सोडला नाही, वर बाळाच्या हातात नवी कोरी पाचशेची नोट.

नंबर कुणी मागू नका. इथे पण नाही आणि खाजगीत पण नाही. पापलेट आधीच आमच्या मजल्यापर्यंत पोचत नाही.