सामाजिक शास्त्रांच्या पदवीसाठी लहान विद्यापीठ निवडावे का? (‘समासातून’, ‘उलटतपासणी’ आणि ‘क्षेत्रनोंद’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

समासातून:

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मानववंशशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, तो असा की नावाजलेले मोठे विद्यापीठ मिळत असेल तर लहान विद्यापीठाचा विचारही करू नये. पदवीपुरता तरी हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

भौतिकशास्त्राला महागड्या प्रयोगशाळा लागतात, त्यामुळे तिथे संस्थेच्या आकाराला महत्त्व येणे समजण्यासारखे आहे. आपल्या विषयांत मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत शिकायचे असते ते बारकाईने वाचणे, प्रश्न नेमका मांडणे आणि पुरावा कुठे संपतो व मत कुठे सुरू होते हे ओळखणे. प्रश्नावलीतला प्रश्नच उत्तर सुचवणारा झाला आहे, नमुन्यात सहज भेटणारीच माणसे घेतली गेली आहेत, दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढ्यावरून एकीला दुसरीचे कारण ठरवले गेले आहे, अशा चुका पाठ्यपुस्तकात वाचून कळल्यासारख्या वाटतात. स्वतःच्या लिखाणात त्या दिसण्यासाठी कोणीतरी ते लिखाण ओळीगणिक वाचून परत द्यावे लागते. दोनशे जणांच्या वर्गात कितीही विद्वान प्राध्यापक असले तरी हे घडत नाही, वीस जणांच्या वर्गात घडू शकते.

ज्ञाननिर्मिती फक्त केंद्रस्थानी होते हा समजही इतिहासाला धरून नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम १८८७ ते १९०२ या काळात पॅरिसपासून दूर बोर्दो येथे शिकवत होते आणि श्रमविभागणी, समाजशास्त्राची पद्धती व आत्महत्या या विषयांवरील त्यांचे ग्रंथ (१८९३, १८९५ आणि १८९७) त्याच काळात प्रसिद्ध झाले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी १८९७ ते १९१० या वर्षांत अटलांटा विद्यापीठात, अत्यंत तुटपुंज्या निधीवर, कृष्णवर्णीय अमेरिकन समाजजीवनाच्या अभ्यासांची मालिका चालवली. त्यात पदवीधर आणि विद्यार्थीही माहिती गोळा करत होते.

उलटतपासणी:

दुर्खिम यांचे उदाहरण आपण दिलेत, पण ते मला आपल्या बाजूचे वाटत नाही. आत्महत्यांवरील अभ्यासासाठी लागणारी अप्रकाशित कागदपत्रे पॅरिसमध्ये न्याय मंत्रालयात होती. ती उपलब्ध करून दिली तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख व समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांनी, आणि सुमारे २६,००० प्रकरणांची वय, लिंग, वैवाहिक स्थिती यांनुसार वर्गवारी केली दुर्खिम यांचे भाचे मार्सेल मोस यांनी. त्यातही लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तार्द हे दुर्खिम यांचे वैचारिक प्रतिस्पर्धी होते. तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचे (माणसे एकमेकांचे अनुकरण करतात, त्यातून समाज घडतो, या मताचे) खंडन त्याच ग्रंथात आहे. संधी मिळताच, १९०२ मध्ये, दुर्खिम स्वतः पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठात गेले.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे की लहान विभागात असा वैचारिक प्रतिस्पर्धी भेटत नाही. सामाजिक शास्त्रांत मूलभूत गोष्टींवरच एकमत नाही: व्यक्तीच्या निवडीपासून सुरुवात करायची की समाजाच्या संरचनेपासून, आकडेवारीने सिद्ध करायचे की दीर्घकाळ लोकांमध्ये राहून समजून घ्यायचे, संशोधकाने तटस्थ राहावे की बाजू घ्यावी. ज्या विभागात तीनच अध्यापक आहेत आणि तिघेही एकाच परंपरेत घडलेले आहेत, तिथल्या विद्यार्थ्याला ती परंपरा म्हणजेच विषय वाटू लागतो, आणि आपल्याला काय शिकवले गेले नाही हे कळण्याचा मार्गही त्याच्याकडे नसतो. त्याचे लिखाण ओळीगणिक तपासले जाईल हे मान्य, पण प्रत्येक ओळीवर एकाच दृष्टीचा शेरा पडेल. शिवाय एक अध्यापक दीर्घ रजेवर गेला की लोकसंख्याशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध हा अख्खा विषय त्या वर्षापुरता नाहीसा होतो.

क्षेत्रनोंद:

मी लहान विभागातच शिकले आणि तिथल्या अध्यापनाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्याच वर्षी मुलाखती घ्यायला मिळाल्या आणि त्यांच्या लेखी नोंदींवर आठवड्याला चर्चा होत असे. तरीही जवळिकीची एक किंमत असते व ती इथे अजून कोणी मांडलेली नाही. जो शिक्षक वर्गात शिकवतो, तोच प्रबंधाचा मार्गदर्शक, तोच अंतर्गत गुण देणारा आणि पुढच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लिहिणाराही तोच असतो. अशा माणसाशी मतभेद झाला तर मोठ्या विभागात मार्गदर्शक बदलता येतो. आमच्याकडे दुसरा मार्गदर्शक नव्हता. आमच्या तुकडीतील एका मुलीने आपला विषय त्यामुळे सोडून दिला. आकाराचा विचार करताना हा सत्तेचा प्रश्नही विचारात घ्यावा, निदान सत्तेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रांनी तरी.

समासातून:

क्षेत्रनोंद यांचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बाहेरचा परीक्षक सक्तीचा करणे आणि शेजारच्या विभागातील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा देणे, एवढे तरी लहान विद्यापीठांनी नियमात लिहून ठेवावे.

उलटतपासणी यांच्या विदेविषयीच्या (म्हणजे संशोधनासाठी लागणाऱ्या माहितीविषयीच्या) मुद्द्याचे वजन मात्र आता पुष्कळ कमी झाले आहे. १९८१ पासून निरनिराळ्या देशांत होत आलेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणाची विदा कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते आणि तिचे विश्लेषण करणारी ‘आर’ ही संगणकप्रणालीही मोफत आहे. वैचारिक विविधतेबद्दल मी एवढेच विचारेन की मोठ्या विभागातील तीस अध्यापकांपैकी पदवीचा विद्यार्थी प्रत्यक्षात किती जणांशी बोलतो? अनेक ठिकाणी त्याचे निबंध संशोधक विद्यार्थी तपासतात आणि नामवंतांची भेट व्याख्यानापुरतीच होते.

उलटतपासणी:

विदा उतरवून घेता येते, पण भारांकन (नमुन्यातील गटांना लोकसंख्येतील प्रमाणानुसार वजन देणे) कसे वापरायचे, उत्तर न देणाऱ्यांचे काय करायचे, एका भाषेतला प्रश्न दुसरीत गेल्यावर तोच राहतो का, हे शिकवणारा माणूस उतरवून घेता येत नाही. लहान ठिकाणी संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम बऱ्याचदा गणित विभागाकडे सोपवला जातो. तिथे सूत्रे उत्तम शिकवली जातात, सर्वेक्षण शिकवले जात नाही. मोठ्या विभागातील तीस जणांशी विद्यार्थी बोलत नाही हे खरे मानले, तरी त्यांच्यातले वाद त्याच्या कानावर पडतात, आणि दोन अध्यापक एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे देतात हे पाहणे हा माझ्या मते या शिक्षणाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे.

त्यामुळे कोणी लहान विद्यापीठ निवडणारच असेल तर माहितीपुस्तिकेवर विसंबू नये. गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष शिकवल्या गेलेल्या अभ्यासक्रमांची यादी मागावी, संशोधनपद्धती शिकवणाऱ्याने स्वतः क्षेत्रकार्य किंवा सर्वेक्षण केले आहे का ते विचारावे आणि अध्यापकांनी आपले शिक्षण कुठे कुठे घेतले ते पाहावे. सगळे एकाच ठिकाणाहून आलेले असतील, तर वर्गात वीसच विद्यार्थी असूनही मी तिथे प्रवेश घेण्याचा सल्ला देणार नाही.