प्रति: माशाच्या अंगावर कापसासारखी वाढ

माशाच्या अंगावर कापसासारखी वाढ दिसली की ‘टाकीचं तापमान ३० अंशांवर न्या’ असं सुचवलं गेलंय, पण ते सरसकट करू नका. मोकळे, कापसासारखे तंतू दिसले तर बुरशी. पण तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा चपटा, करडा पट्टा असेल तर बहुधा कॉलम्नॅरिस. तो जिवाणू आहे आणि गरम पाण्यात झपाट्याने पसरतो.

बुरशीसाठी मासा वेगळ्या टाकीत हलवून लिटरला २ ग्रॅम मीठ, आधी विरघळवून, दोन-तीन वेळा थोडं थोडं करून घाला. पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ भरा. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी मात्र बिनमिठाचंच. मीठ उडून जात नाही, इथेच बरेचजण चुकतात. मिथिलिन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) मुख्य टाकीत नको, फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरून पाण्यात विषारी अमोनिया चढतो. आणि बुरशी बहुतेकदा जखमेवरच धरते, तेव्हा चावरा सोबती किंवा टोकदार दगडही शोधा.