मदत हवी आहे: स्वमग्न मुलाविषयी सोसायटीतील रहिवाशांशी कसे बोलावे?

सप्रेम नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा राहतो. लिफ्टमध्ये तो प्रत्येक मजल्याचा आकडा मोठ्याने म्हणतो, ढोलाचा आवाज आला की कान घट्ट दाबून धरतो आणि कोणी काही विचारले तर समोरच्याकडे न पाहता, बऱ्याच वेळाने उत्तर देतो. पण देतो, आणि तेवढे थांबणारे फारच थोडे. ‘मुलाला वळण लावले नाही’ हा शेरा मात्र त्याच्या आईला वरचेवर ऐकावा लागतो.

व्यवस्थापन समितीची सदस्य या नात्याने गणेशोत्सवापूर्वी रहिवाशांसाठी तासाभराचा कार्यक्रम ठेवण्याचा माझा विचार असून पालकांची त्याला संमती आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे, हे सांगता येईल. परंतु कायद्याने आपुलकी येत नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, स्वमग्न व्यक्ती आणि इतर लोक यांच्यात एकमेकांना न समजणे हे दोन्ही बाजूंनी असते. मला हाच मुद्दा कळीचा वाटतो, कारण आमच्याकडे सारी सुधारणा त्या मुलानेच करावी, अशी अपेक्षा असते.

ठाणे-नवी मुंबई परिसरात मराठीतून स्वानुभव सांगण्यास तयार असलेल्या प्रौढ स्वमग्न व्यक्ती कोणाच्या परिचयाच्या आहेत का? दयेचा सूर लावणारी भाषणे नको आहेत. या मुलाकडे बोट न दाखवता इतर मुलांना हे कसे समजावावे, तसेच उत्सवात ढोल-ताशाविना एखादी शांत आरती कोणत्या सोसायटीने ठेवली असल्यास ज्येष्ठांना कसे राजी केले, हे कृपया कळवावे.