सँडफ्लाय माशी चावली तर कळतं का?

ढगोबा: हाताला फोड आलाय, दुखत नाही पण भरतही नाहीये, कोणीतरी म्हणालं सँडफ्लायमुळे लेश्मानिया (त्या माशीतून येणाऱ्या परजीवीमुळे होणारा आजार) असेल, पण मला काही चावल्याचं आठवतच नाही

रानवाट: कसं आठवणार, ती जेमतेम २-३ मिमीची, आवाज पण करत नाही, चावते फक्त मादी आणि तेही जास्त करून संध्याकाळ ते पहाट, फोड यायला तर कधीकधी महिने लागतात. अर्थात प्रत्येक माशीत परजीवी नसतो.

चष्मेबद्दूर: साध्या मच्छरदाणीतून आत शिरते ती! औषध लावलेली बारीक जाळीची घ्या

कडूजहर: गुगल पुरे, स्किनवाल्याला दाखवा, फोडाच्या कडेचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघतात. मनाने स्टिरॉइड क्रीम चोपडू नका प्लीज.

ढगोबा: घरच्यांना लागेल का?

रानवाट: शिवून नाही पसरत, माशीच लागते मधे