चेहऱ्यावरील क्षणिक हावभावांवरून वेदना ओळखता येते का?

प्रश्न : परिचारिका, मालवण तालुका

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. मासेमार वस्तीतून येणाऱ्या वयस्क स्त्रिया दुखणे कितीही असले तरी ‘काय नाय, बरा आसा’ असेच सांगतात. मात्र पोट तपासताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटते आणि लगेच मावळते. अशा खुणेवर किती विसंबावे? सूक्ष्म हावभाव शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांचा मला उपयोग होईल का?

उत्तर : मानसशास्त्राचा प्राध्यापक, रत्नागिरी

अशा क्षणिक हावभावांची नोंद हॅगार्ड आणि आयझॅक्स यांनी १९६६ मध्ये, मानसोपचाराचे चित्रीकरण संथ गतीने पाहताना घेतली. पुढे १९७८ मध्ये एकमन आणि फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या दृश्य हालचालींना क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. त्याच पद्धतीने झालेल्या वेदनेच्या अभ्यासांत भुवया खाली ओढल्या जाणे, डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जाणे, नाक आक्रसणे किंवा वरचा ओठ उचलला जाणे आणि डोळे मिटणे या खुणा वारंवार आढळल्या. आपण एवढ्या जरी नेमक्या टिपल्या तरी पुष्कळ आहे.

‘समोरच्याचे खोटे पकडा’ असे आश्वासन देणाऱ्या अभ्यासक्रमांपासून मात्र दूर राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्केच अचूक ठरली. शिवाय आपल्या रुग्ण खोटे बोलत नाहीत, त्या सोसत असतात.

उत्तर : दशावतारी कलावंत, कुडाळ

ताई, आमच्या नाटकात संवाद बहुतांशी आयत्या वेळी रचले जात असल्याने सहकलाकाराचे वाक्य कुठे वळणार, हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखावे लागते. ते जमते, कारण त्याचा नेहमीचा चेहरा आम्हांला ठाऊक असतो. नव्या माणसासमोर हाच अंदाज चुकतो. म्हणून तपासणीआधी, त्या बाकावर बसून शेजारणीशी बोलत असतानाच त्यांचा चेहरा नीट पाहून ठेवावा.

उत्तर : निवृत्त डॉक्टर, दापोली

सिस्टर, वरील सूचना मोलाची आहे. त्यात एवढीच भर घालतो की थंड हात लागला किंवा संकोच वाटला तरी कपाळ तसेच आक्रसते, आणि पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा तीव्र वेदनेतही जवळजवळ स्थिर राहू शकतो. त्यामुळे चेहऱ्याबरोबर हाताखाली पोटाचे स्नायू ताठ होतात का, हेही पाहावे. खूण दिसताच हात थांबवून ‘हय दुखता काय?’ असे हळू विचारावे. सून किंवा मुलगा जवळ उभा असेल, तर त्याला थोडा वेळ बाहेर बसवावे. उत्तर तरीही नकारार्थी आले, तर केसपेपरवर ‘दुखत नाही असे म्हणतात, उजवीकडे खाली दाबताच डोळे घट्ट मिटले’ अशी दोन्ही निरीक्षणे लिहावीत आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी दाखवावीत.