मदत हवी आहे: २००५ चा पाऊस कलाच्या हिशेबात धरावा की वगळावा?

आलेखग्रस्त:
नमस्कार. मुंबईच्या पावसाचा कल (वर्षांगणिक वाढ की घट) काढतो आहे आणि २००५ हे एकच वर्ष सगळा आलेख बिघडवते आहे. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडचे (प्रमाण विचलन म्हणजे मूल्यांच्या फैलावाचे माप) मूल्य गाळण्याचा नियम लावला की ते बाहेर पडते आणि माझा कल लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाचा नसलेला, ठरतो. ठेवले तर ठरत नाही. वगळलेले चालेल का, एवढेच सांगावे. मसुदा उद्या सकाळी मार्गदर्शकांकडे द्यायचा आहे.

पर्जन्यमापक:
केंद्र कोणते? वर्षाची बेरीज घेतली आहे की वर्षातील एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस? आणि मालिका किती वर्षांची आहे?

आलेखग्रस्त:
सांताक्रूझ, एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस, १९८१ ते २०२४. २००५ म्हटल्यावर हे लक्षात येईल असे वाटले होते.

पर्जन्यमापक:
मग तो ९४४ मिमीचा आकडा आहे, आणि ती मोजणीची चूक नाही. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपत असल्यामुळे २६ जुलैचा तो पाऊस काही तक्त्यांत २७ तारखेसमोर दिसतो, एवढाच काय तो घोळ. जे खरोखर पडले ते केवळ आलेखाला अडचणीचे आहे म्हणून काढता येत नाही.

निवृत्त_अभियंता:
मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, हे येथे कोणीच लिहिले नाही. मिठी नदीचे पात्र आणि भरतीची वेळ यांचा विचार केल्याशिवाय अशा आकड्यांना अर्थ येत नाही.

आलेखग्रस्त:
मी गटारांबद्दल विचारलेले नाही.

निवृत्त_अभियंता:
आपण विचारलेले नाही, पण हा कल कशासाठी काढता आहात हेही सांगितलेले नाही. वाहिन्यांच्या क्षमतेसाठी असेल, तर २००५ वगळणे म्हणजे ज्या दिवसासाठी बांधायचे तोच दिवस पुसणे होय.

मध्यक_प्रेमी:
वाद कशाला? संख्याशास्त्रज्ञ सेन यांची पद्धत वापरा. प्रत्येक दोन वर्षांच्या जोडीचा उतार काढून त्या सर्व उतारांचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य) घ्यायचा. सुमारे २९ टक्के मूल्ये बिघडलेली असली तरी उत्तर ढळत नाही. जोडीला कल खरा आहे की योगायोगाचा हे पाहणारी मान-केंडॉल चाचणी करा. मी गेली कित्येक वर्षे दुसरे काही वापरलेले नाही.

पर्जन्यमापक:
वर्षातील कमाल मूल्यांसाठी टोकाच्या मूल्यांचे वितरण (किती मोठे मूल्य किती संभवते हे सांगणारा वक्र) बसवणे अधिक योग्य, कारण त्याच्या लांब शेपटीत ९४४ ला जागा असते. मध्यकाने कल मिळेल, पण असा दिवस किती वर्षांनी पुन्हा येऊ शकेल हे कळणार नाही.

सावध_वाचक:
अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र उपग्रहाला आधीच दिसले होते, परंतु संगणकाने ती मूल्ये आउटलायर, म्हणजे इतरांपासून फारच वेगळी, म्हणून फेकून दिली. आपोआप गाळण्याचे फळ असे असते.

मध्यक_प्रेमी:
ही कथा अर्धवट आहे. १८० डॉब्सन एककांखालील (हे ओझोनच्या प्रमाणाचे एकक) मूल्यांवर संशयाची खूण केली जात होती. ती फेकली गेली नव्हती, म्हणूनच पुढे तपासता आली. फार्मन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राच्या जमिनीवरच्या नोंदींवरून घट प्रसिद्ध केली, हे मात्र खरे.

सावध_वाचक:
म्हणजे खूण करावी, पुसू नये. माझेही म्हणणे तेच होते.

पर्जन्यमापक:
मूळ प्रश्नाकडे येतो. वगळल्यावर उतार किती बदलला?

आलेखग्रस्त:
उतार जवळपास तोच आहे. प्रमाण त्रुटी, म्हणजे उताराच्या अंदाजातील अनिश्चितता, मात्र बरीच घटली.

पर्जन्यमापक:
तसेच व्हायला हवे. आपल्या ४४ वर्षांचा मध्य २००२ आणि २००३ यांच्यामध्ये येतो, त्यामुळे २००५ तराजूच्या काट्याजवळ बसले आहे. बाकीच्या वर्षांच्या रेषेपेक्षा ७०० मिमी वर असलेले मूल्य तेथे उतार वर्षाला केवळ ०.२५ मिमीने बदलते. तेच २०२४ मध्ये असते तर २.१ मिमीने बदलले असते. २००५ ने आपला कल फिरवलेला नाही, अनिश्चितता तेवढी वाढवली आहे, आणि ती पुसून मिळालेली लक्षणीयता उसनी आहे. दोन्ही निकाल शेजारी छापा. आता मला मालिकेच्या टोकांची अधिक काळजी वाटते. सर्व वर्षांच्या नोंदी पूर्ण आहेत ना?

आलेखग्रस्त:
माझ्या फाइलमध्ये काही पावसाळ्यांत खंड होते. तेथे कुलाब्याचे आकडे घातले आहेत; एकाच शहराचे असल्याने वेगळे सांगण्याची गरज वाटली नाही.

मध्यक_प्रेमी:
ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिमी होता. एकच शहर म्हणता आपण!

पर्जन्यमापक:
कोणती वर्षे?

आलेखग्रस्त:
१९८१, १९८२ आणि १९८४.

पर्जन्यमापक:
तीनही अगदी टोकाला आहेत. २००५ राहू द्या आणि ही तीन रिकामी ठेवून गणित पुन्हा करा. मसुद्यासाठी एक दिवस मागून घेता आला तर अवश्य घ्या.